एक वाव

कल्पिताच्या घरापुढचा माच पडला तो गेल्या वर्षी गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, वर कुणी नसताना. तेवढी एकवीरा आईची कृपा. माच म्हणजे काय, हे हायवेच्या अलीकडच्या लोकांना सांगावं लागतं. उंबऱ्यापासून खाडीच्या दिशेने काढलेला, खांबांवर उभा केलेला लाकडी ओटा. त्यावर बोंबील वाळतात, जाळी शिवली जातात, पाहुणे बसतात, भांडणंही तिथेच होतात, आणि उधाणाचं पाणी खालून येऊन खालूनच परत जातं. नाहूर स्टेशनाहून निघालेला रिक्षावाला जिथे ‘आगे रस्ता नहीं है’ म्हणून उतरवतो, तिथून मिठागरांच्या बांधावरून दहा मिनिटं चाललं की अठ्ठावीस घरांची वाडी लागते. त्यातलं शेवटचं घर कल्पिताचं. त्याच्या पुढे खाडीच.

माच गेला म्हणून कुणी मरत नाही. पण या घराची पुढची भिंत जुन्या माचाच्या मागच्या खांबांना टेकून उभी होती, हे माच पडल्यावर कळलं. दिवाळीत भिंतीच्या भेगेत कल्पिताची करंगळी जायची. होळीला दोन बोटं जायला लागली, आणि एप्रिलमध्ये तीन. रोज सकाळी चुलीआधी ती भेगेत हात घालून बघायची. अल्पेश म्हणजे तिचा चुलत दीर. गवंडीकाम, सुतारकाम आणि फुकटचा सल्ला, तिन्ही खाती त्याच्याकडे. त्याने भिंतीवर टिचक्या मारून सांगितलं, “वहिनी, ही भिंत जूनचं मोठं उधाण काढणार नाय. भिंत गेली की छप्पर गेलं, आणि छप्पर गेलं की वाट लागली.”

वाट लागली ती अशी, की खाडीला इतकं लगटून असलेलं घर एकदा पडलं की पुन्हा बांधायची परवानगी मिळत नाही. उभ्या घराची दुरुस्ती होते, पडलेल्याची नाही. कल्पिताने आठ महिने वॉर्डाच्या ऑफिसात खेटे घातले, तेव्हा दुरुस्तीचा कागद हातात पडला: काँक्रीटच्या सहा पायांवर नवा माच, त्यातले मागचे तीन पाय भिंतीला आधार देणार. अट एकच. काँक्रीट ओतण्याआधी पायाचे सहाही खड्डे इंजिनियरला दाखवायचे आणि पास करून घ्यायचे. मुदत एकतीस मे. त्यानंतर परवानगी रद्द.

घरात माणसं दोन. कल्पिता, आणि तिची सासू सोनूबाई, जी डोळ्यांत मोतीबिंदू असूनही रोज सकाळी टोपली घेऊन मुलुंडच्या बाजारात बसते आणि गिऱ्हाइकाला फक्त आवाजावरून ओळखून शिव्या घालते. तिसरा माणूस हरेश्वर. सोनूबाईचा मुलगा, कल्पिताचा नवरा. सात वर्षांपूर्वी एका सकाळी तो होडी घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी होडी खाडीच्या तोंडाशी सापडली, नांगर टाकलेला नसताना एका जागी उभी. आत जेवणाचा डबा होता, चपला होत्या, आणि काठावरून पाण्यात सोडलेली मापाची दोरी. ती ओढायला तीन गडी लागले म्हणतात. वर आली तेव्हा टोकाला नुसतं शिसं होतं. अंग सापडलं नाही, म्हणून कल्पिताच्या हातातला हिरवा चुडाही उतरला नाही.

त्या दोरीनेच घात केला. की वाचवलं? तुम्हीच ठरवा.

झालं असं की मेच्या मध्यावर खणायला सुरुवात केली आणि अल्पेशची टेप चिखलात पडून चार फुटांवर अडकायला लागली. खड्डे हवे होते पाच फूट खोल. दुसरी टेप आणायला स्टेशनपर्यंत जायचं म्हणजे तास मोडणार. कल्पिता आत गेली आणि आढ्याला टांगलेली हरेश्वरची दोरी काढून आणली.

“ह्यांची एक वाव घाला,” ती म्हणाली. “साडेपाच फुटांच्या वरच भरते. इंजिनियरला बोट ठेवायला जागा नको.”

दोन्ही हात फाकवले की या बोटाच्या टोकापासून त्या बोटाच्या टोकापर्यंत जे अंतर, ती वाव. कोळी पाण्याची खोली वावेने सांगतात, आणि दोरीला गाठी मारताना ज्याची होडी त्याचे हात. माणसाची वाव आणि माणसाची उंची साधारण एकच भरते. तेव्हा ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

बाजारातून परतलेल्या सोनूबाईने दोरी हाताने चाचपली आणि टोपली धाडकन खाली ठेवली.

“ही कुनी काहाडली? दर्याचं माप जमनीला लावतान कय? ही दोरी खाली सोडली का खालच्याला वाटतं, आपल्यालाच बोलावलं.”

“आई, जमिनीखाली कोण आहे? चिखल आहे.”

“माना नको तं नको,” सोनूबाई म्हणाली, आणि दोन दिवस सुनेशी बोलली नाही. कल्पिताला वाईट वाटलं. पण ज्याच्या घराच्या भेगेत तीन बोटं जातात त्याला सासूच्या रुसव्याची चैन परवडत नाही.

सहा खड्डे झाले. चार फूट लांब, चार फूट रुंद, आणि हरेश्वरच्या एका वावेइतके खोल. खाडीकडचे तीन, घराकडचे तीन. भरती आली की पाच खड्ड्यांत खालून पाणी झिरपायचं आणि अल्पेश पंप लावून उपसायचा. सहावा, उंबऱ्याच्या थेट समोरचा, कोरडा राहायचा. अमावास्येचं उधाण येऊन वाडीची वाट पाण्याखाली गेली, तरी सहाव्याच्या तळाची माती पायरीसारखी सुकी.

“झकास!” अल्पेश म्हणाला. “सहांत एक तरी शहाणा निघाला.”

चौथ्या दिवशी त्याची जीभ जरा जड झाली. सहाव्याच्या तळाला दोन खळगे पडले होते, पावलाएवढे, एकमेकांना लागून, टाचा घराकडून लांब आणि चवडे घराकडे. त्याने फावड्याने तळ सपाट केला, धुम्मसने ठोकला. दुसऱ्या सकाळी खळगे पुन्हा होते, आणि आता ते अधिक खोल होते. अल्पेशचे दोन्ही मजूर तिथून पुढे त्या खड्ड्यात उतरले नाहीत.

कल्पिताने खळग्यांकडे पाहिलं आणि ठरवलं की माती दबली असेल. गळ्याशी आलं की माणूस काहीही ठरवू शकतो.

वॉर्डाकडून निरोप आला: इंजिनियर येण्याआधी प्रत्येक खड्ड्याचा, आत टेप सोडून, फोटो पाठवा. अल्पेशने नवी टेप आणली होती. कल्पिताने सहा फोटो काढले, मोबाइलवरून पाठवले. संध्याकाळी उत्तर आलं. पाच खड्डे योग्य. सहाव्यापुढे लिहिलं होतं: ‘आत व्यक्ती उभी आहे. खड्डा रिकामा करून फोटो पुन्हा पाठवावा.’

तिने फोटो मोठा करून पाहिला. टेप, माती, कडेला बादली. चुकून दुसऱ्या कुणाचा फोटो बघितला असेल, असं म्हणून तिने नवीन काढून पाठवला, या खेपेला भर उन्हात, सावलीसुद्धा पडणार नाही असा. उत्तर आलं: ‘व्यक्ती अद्याप आत आहे. कृपया थट्टा करू नये.’

आता घोडं अडलं ते असं. एकोणतीस तारीख उजाडली आणि इंजिनियर स्वतःच आल्या.

तेजल मॅडम. वय तिशीच्या आसपास, पायात गमबूट, खांद्याला पिशवी. वडील धोंडिराम जालन्याहून येऊन घाटकोपरच्या डोंगरावर झोपडं बांधून राहिलेले, ते दोन पावसाळ्यांत दोनदा खाली आलेलं. म्हणून ही मुलगी पायाच्या बाबतीत कुणाचं ऐकत नाही, असं वॉर्डात बोललं जायचं. चहा घेत नाही आणि खोटी सही करत नाही. पाच खड्डे तिने वाकून, टेप टाकून, माती चिमटीत धरून पाहिले आणि कागदावर पाच खुणा केल्या. कल्पिताचा जीव भांड्यात पडायला आला होता.

सहाव्यापाशी मॅडम थांबली.

“यांना सांगा ना वर यायला,” ती म्हणाली.

“कुणाला?”

“ताई, फोटोतही हेच. आता समोरही हेच. मला अजून चार साइट आहेत.” ती खड्ड्यात वाकून म्हणाली, “काका, या बरं वर. माती ढासळली तर माझी नोकरी जाईल, तुमचं काय जायचंय.”

अल्पेश दोन पावलं मागे सरला.

“मॅडम,” कल्पिता म्हणाली, “आत कोणी नाहीये.”

तेजलने तिच्याकडे रागाने पाहिलं. मग अल्पेशकडे. मग परत खड्ड्यात. राग हळूहळू उतरला आणि त्याच्या जागी जे आलं, ते कल्पिताला मुळीच आवडलं नाही.

“बनियन घातलंय,” तेजल सावकाश म्हणाली. “डोक्याला रुमाल. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत हात पसरलेत, तळवे मातीला टेकवून. घराकडे बघतायत. तुम्हाला खरंच दिसत नाही?”

हात पसरलेत. वाव मोजताना हरेश्वर असाच उभा राहायचा, दोरी छातीवरून घेऊन.

पण भीतीपेक्षा तिला आधी आठवली ती भिंत. ‘आत माणूस आहे’ हे एकदा कागदावर चढलं की घर गेलंच. अल्पेशने टेकवलेली बांबूची शिडी तिने धरली आणि “बघा, ही मी उतरते, मग तर झालं?” म्हणत ती सरळ खाली गेली. तळाला उभी राहिली. आत मेमध्ये असू नये असा गारवा होता, बर्फात ठेवलेल्या पापलेटाच्या पेटीत हात घातल्यासारखा. बाकी काही नाही. चारी बाजूंना माती. तिने वर पाहिलं.

“आहे का कोणी?”

तेजलचा चेहरा पांढरा झाला होता. “वर या.”

“पण—”

“ताई, आधी वर या. त्यांनी हात मिटलेत.”

कल्पिता कशी वर आली ते तिला आठवत नाही. तेजलने शेरा लिहिला, कागद दिला आणि बांधावरून मागे न बघता निघून गेली. शेरा सरकारी मराठीत होता: ‘खड्डा क्र. ६ मध्ये व्यक्ती असल्याने तपासणीस वाव नाही.’

संध्याकाळी कल्पिताने सासूला सगळं सांगितलं. रडली. सात वर्षांत ती अशी रडली नव्हती. सोनूबाईने तिच्याकडून शेरा वाचून घेतला.

“वाव नाय कसा? वाव तर तूच दिलास,” ती म्हणाली. “त्याच्याच हातानं मोजून दिलास.”

“आई, ते असतील? हे?”

“मना कय म्हाईत? दर्यात कय एकटा माजा पोर हाय?” मग तिने सुनेचा हात घट्ट धरला. “ऐक. त्याला बोलवाचा तं नाव घेवन बोलव. हरेश्वर म्हून. तो असंल तं नावाला येईल. नसंल तं नाय येवाचा. नाव घेतल्याबिगर हाक मारू नको.”

दुसऱ्या दिवशी कल्पिता वॉर्डाच्या ऑफिसात गेली. सहावा खड्डा बुजवून दोन फूट पलीकडे खणू का? नकाशा बदलला की परवानगी नवीन, म्हणजे पुढचं वर्ष. डोळे मिटून सही कराल का? तेजल मान खाली घालून म्हणाली, “मी काल डोळे तपासून आले, ताई. डोळ्यांना काही नाही.” आणि थोड्या वेळाने, “उद्या अकराला येते. शेवटची तारीख आहे. खड्डा रिकामा दिसला की तिथेच पास करते. नाही दिसला तर माझ्याच्याने होणार नाही. भरल्या खड्ड्यात काँक्रीट ओतायला मी कशी सांगू?”

त्या दिवशी भेगेत चार बोटं गेली.

एकतीस तारखेला सोनूबाई बाजारात होती. अल्पेश काँक्रीट कालवायचं यंत्र, खडी, सिमेंट घेऊन बांधापाशी तयार होता. जवळ मात्र आला नाही. भरती चढत होती. पाच खड्ड्यांतून पंपाने पाणी काढून झालं होतं. अकराला तेजल आली. तिने लांबूनच सहाव्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

“आहेत.”

“तसेच?”

“तसेच. आता वर बघतायत.”

“कुणाकडे?”

“तुमच्याकडे.”

कल्पिता खड्ड्याच्या काठाशी जाऊन बसली. तिला माहीत होतं काय करायचं. नाव घ्यायचं. हरेश्वर. पोलिसांच्या कागदावर, रेशन कार्डावर, परवानगीच्या अर्जावर हे नाव तिने शंभरदा लिहिलं होतं. लग्नात एकदा उखाण्यात घेतलं होतं, तेही सगळ्यांनी दार अडवल्यावर. पण नवऱ्याला नावाने हाक? चोवीस वर्षांत एकदाही नाही. आयुष्यभर न वळलेली जीभ अशा वेळी वळते थोडीच. तिने तोंड उघडलं. ‘ह’ म्हणून श्वास निघाला, आणि पुढे शब्द आला तो जन्माचा सवयीचा.

“अहो,” ती म्हणाली.

खाली गार हवा हलली.

“अहो, ऐकताय ना? घर पडतंय. आईंना घेऊन मी कुठे जाऊ? या ना वर. या, अहो.”

मागून तेजलचा आवाज आला, फार हळू. “हात वर केलाय त्यांनी.”

“मग?”

“धरायला मागतायत.”

कल्पिताने हात खाली सोडला. रिकामी हवा. कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत. ती काठावर पोटावर आडवी झाली.

मग वजन आलं.

मासे भरलेलं जाळं ओढताना येतं तसं, एकदम नाही, हळूहळू. मनगटाभोवती ओलं, गार, घट्ट. चुड्यातल्या दोन बांगड्या कटकन फुटल्या. तिने दुसऱ्या हाताने शिडी धरली आणि डोळे मिटून ओढलं. काठाची माती खाली पडल्याचा आवाज तिने ऐकला.

वजन सुटलं.

“आले का?” तिने विचारलं.

“आले.”

“कुठायत?”

“घरात गेले,” तेजल म्हणाली. तिने खड्ड्यात टेप टाकली, वाकून आकडा वाचला, माती चिमटीत धरली. सगळं नियमाप्रमाणे. मग सही केली. सही करताना ती पूर्ण वेळ घराकडे पाठ करून उभी होती.

दुपारी एकपर्यंत सहाही पायांत सळ्या उतरल्या आणि चारच्या आत काँक्रीट भरलं गेलं. सहाव्याच्या तळाला खळगे नव्हते. जूनच्या उधाणापर्यंत मागचे खांब उभे राहिले, भिंतीला आधार मिळाला, आणि ज्या दिवशी पाणी वाडीच्या वाटेवर गुडघाभर चढलं त्या दिवशी कल्पिताने भेगेला हात लावला. अल्पेशने ती सिमेंटने बुजवली होती आणि सिमेंटला केसाएवढीही चीर नव्हती. ती भिंतीला टेकून हसली. घर राहिलं होतं. एवढंच तर मागितलं होतं तिने.

सोनूबाईने एकतीस तारखेच्याच संध्याकाळी विचारलं होतं, “नाव घेतलंस ना?”

कल्पिता म्हणाली, “घेतलं.”

खोटं का बोलली? खरं सांगितलं असतं तर सासूने त्या घरात पाणीही घेतलं नसतं, आणि एवढं करून वाचवलेलं घर सोडून दोघींनी जायचं कुठे? आणि मनातून तिची खात्रीही होती. तिच्या हाकेला दुसरं कोण येणार?

‘घेतलं’ हे ऐकल्यावर म्हातारी पालटली. पहिले आठ दिवस ती नुसती दाराजवळच्या कोपऱ्याकडे तोंड करून बसायची. मग बोलायला लागली. “आयलास कय बाबा,” “पाय कवरे गार तुजे,” असं. पुढे बाजारात जाणं बंद केलं. मोतीबिंदूच्या डोळ्यांना काय दिसत होतं कोण जाणे. कल्पिताला काहीच दिसत नव्हतं, ऐकूही येत नव्हतं. तिला फक्त सासूच्या बाजूचं बोलणं ऐकू यायचं, मध्ये उत्तरापुरतं थांबून पुन्हा सुरू होणारं. सासूचा तिला हेवा वाटायला लागला. सात वर्षं वाट मी पाहिली, हाक मी मारली, ओढून मी काढलं, आणि भेट मात्र आईची. रात्र झाली की ती अंथरुणावर एका बाजूला सरून जागा ठेवायची. सकाळी जागा कोरडीच असायची.

ऑगस्टमध्ये तेजल मॅडम शेवटच्या तपासणीला आली. नव्या माचावर फिरली, खांब ठोकून पाहिले, फळ्यांवर पाय आपटला. काम पक्कं झालं होतं. तिने कागद काढला, पण माचाच्या टोकाशीच बसली, खाडीकडे पाय सोडून. कल्पिताने आत बसा म्हटलं, तर “इथेच बरंय” म्हणाली.

कल्पिता आत जाऊन ट्रंकेतून एक फोटो घेऊन आली. सात वर्षं तिने तो भिंतीवर लावला नव्हता, कारण भिंतीवर लागला की लोक हार घालायला सांगतात. तिने तो पदराने पुसून तेजलच्या हातात दिला.

“मॅडम, एक विचारू? तुम्ही एकट्यांनीच त्यांना धड पाहिलंय. मला तर दिसत पण नाहीत. किती बदललेत हो? केस पांढरे झालेत का?”

तेजलने फोटो पाहिला. उन्हाला धरून पुन्हा पाहिला. पायाशी भरतीचं पाणी खांबांना चाटून जात होतं.

“हे तुमचे मिस्टर?”

“हो. लग्नातला आहे, पण चेहरा तोच.”

तेजलने फोटो फळीवर ठेवला, उलटा. “ताई,” ती म्हणाली, “मला वाटलं तुम्हाला माहीत आहे, तुम्ही कुणाला बोलावताय. हे नव्हते ते.”

कल्पिता खांबाला धरून उठली. दार उघडंच होतं. आत दिवसाढवळ्या अंधार दिसत होता, आणि कोपऱ्यातून सासूचा हळू, लाडीक आवाज येत होता.

“आई,” तिने हाक मारली. “आई, जरा बाहेर या. लगेच या.”

“आयले गो,” सोनूबाई आतून म्हणाली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग ती हसली, लहान पोराच्या हट्टाला हसावं तशी.

“कशी येऊ? हा हात सोडीत नाय.”